वेब फॉर्ममधल्या ओळी मध्येच तुटतात, ठिबकची टिक भलत्याच शेतकऱ्यापुढे (पीएचपी)

कळणाभाकर

राम राम मंडळी. रावेर-यावल पट्ट्यातल्या एका केळी उत्पादक गटाचा लागवड नोंदणीचा फॉर्म आहे. एका पानावर अख्ख्या गावाची नोंद. वरती ८ फील्डं: गाव, तालुका, हंगाम, वर्ष, नोंदणाऱ्याचं नाव, मोबाइल, पान क्रमांक आणि लपवलेलं टोकन (नोंद आपल्याच फॉर्मवरून आली हे ओळखायची खूण). खाली दर शेताला एक ओळ: गट नंबर, नाव, क्षेत्र, खोडं, बागेचा प्रकार, लागवडीची तारीख आणि शेवटी ठिबक आहे का याचा चेकबॉक्स. ओळीतल्या सगळ्या फील्डांची नावं रिकामा चौकटी कंस लावून दिलीत, म्हणजे गट[], नाव[], ठिबक[] अशी. पीएचपी ८.१, अपाचे, शेअर्ड होस्टिंग, मायएसक्यूएल. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, समजून घ्या.

लक्षणं अशी:

एका गावाच्या १७१ ओळी भरल्या. डेटाबेसमध्ये १४१ पूर्ण आल्या, १४२ व्या ओळीत तारीख आणि ठिबक नाही, पुढे काहीच नाही. दुसऱ्या गावाच्याही १७१, पण तिथं १५८ व्या ओळीपर्यंत पोचलं. १५८ व्या ओळीत गट, नाव, क्षेत्र आहे, बाकी रिकामं. दर वेळी वेगळ्या ठिकाणी तुटतं, म्हणून नेटवर्कवर संशय आहे.

शिवाय ठिबकच्या टिका वरच्या शेतकऱ्यांपुढे गोळा होतात, खालच्यांना ठिबकच नाही असं दिसतं. काही तारखा ०१-०१-१९७०. कुणाच्या शेतात ४ खोडं, कुणाचं क्षेत्र ०. आणि अहवालात केऱ्हाळे हे गाव दोनदा येतं, दोन्हीकडं बुद्रुकच.

बठ्ठा डेटा कोठे ग्या, तेवढं सांगा भो. व्हॅलिडेशन तीनदा तपासलं, तिथं काही सापडत नाही.

पांझराकाठ

भाऊ, व्हॅलिडेशनला आधी हात लावू नका. पाच ठिकाणं आहेत: ब्राउझरनं काय पाठवलं, सर्व्हरपर्यंत काय पोचलं, पीएचपीनं त्याचा ॲरे (किमतींची यादी) कसा केला, तुमच्या कोडनं त्याचं काय केलं, डेटाबेसनं काय साठवलं. डेटा कुठल्या दोन ठिकाणांच्या मध्ये बदलतो ते आधी पकडा.

ब्राउझरमध्ये एफ-१२, नेटवर्क टॅब, 'प्रिझर्व्ह लॉग'ला टिक, मग सबमिट. यादीतल्या पोस्ट विनंतीवर क्लिक करून पेलोड उघडा आणि 'व्ह्यू सोर्स' निवडा. ब्राउझर डीफॉल्टनं जे दाखवतो ते मांडून सजवलेलं असतं, आपल्याला कच्चं हवं. शेवटच्या ओळीचा गट नंबर त्यात सापडतो का बघा.

सर्व्हरवर स्क्रिप्टच्या अगदी पहिल्या ओळीला, टोकन तपासायच्याही आधी, चार गोष्टी एरर-लॉगनं लिहा: रिक्वेस्ट मेथड, कंटेंट-टाइप, कंटेंट-लेंग्थ, आणि पोस्ट ॲरेचा काउंट, 'काउंट रिकर्सिव्ह' लावून. चालू साइटवर व्हार-डंप करू नका, आउटपुट आधी गेलं की पुढचा रीडायरेक्ट मोडतो आणि तुम्ही नवीनच बिघाड शोधत बसता.

कच्ची बॉडीच हवी असेल तर पीएचपी-इनपुट स्ट्रीम फाइलमध्ये उतरवा. फाइल पब्लिक फोल्डरच्या बाहेर ठेवा, काम झाल्यावर पुसा, त्यात लोकांचे मोबाइल नंबर आहेत. फॉर्म मल्टिपार्ट (फाइली जोडता येणारा) असेल तर हा स्ट्रीम रिकामा येतो, त्यावरून भलता निष्कर्ष काढू नका.

कळणाभाकर

बघितलं. पेलोडमध्ये १७१ च्या १७१ ओळी आहेत, दोन्ही गावांच्या. मेथड पोस्ट, कंटेंट-टाइप साधा यूआरएल-एन्कोडेड. आणि रिकर्सिव्ह काउंट दोन्ही गावांना १००७. ओळी वेगळ्या तुटतात पण आकडा एकच!

पांझराकाठ

मग नेटवर्क निर्दोष. एका विनंतीत किती फील्डं घ्यायची याची पीएचपीची 'मॅक्स इनपुट व्हार्स' ही मर्यादा डीफॉल्ट १००० आहे, तुम्ही तिच्यावर आदळताय.

१००७ का? रिकर्सिव्ह काउंट ॲरेच्या आतले घटक मोजतो तसा तो ॲरे स्वतःही एक म्हणून मोजतो. तुमचे सात कॉलम म्हणजे सात ॲरे. १००७ वजा ७, बरोबर १०००.

आता ओळींचं गणित. वरची ८ फील्डं गेली की ९९२ उरतात. पहिल्या गावात सगळ्यांकडं ठिबक असणार, म्हणजे ओळीला ७ फील्डं. १४१ गुणिले ७ म्हणजे ९८७, उरले ५. म्हणून १४२ व्या ओळीत गट, नाव, क्षेत्र, खोडं, प्रकार एवढंच आलं, तारीख आणि ठिबक कापलं गेलं. दुसऱ्या गावात टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, त्यामुळं ओळीला कुठं ६, कुठं ७. १५७ ओळींचे ६ प्रमाणे ९४२, आणि १५८ व्या ओळीत ३ आले, म्हणजे पहिल्या १५७ ओळींत टिका ४७ असल्या पाहिजेत. ९४२ अधिक ४७ अधिक ३ बरोबर ९९२. कागदी यादीवर मोजून बघा.

कुणाकडंच ठिबक नसलेलं गाव असतं तर १६५ ओळी पूर्ण आल्या असत्या आणि तुटणं १६६ व्या ओळीत दिसलं असतं. कापणारी जागा एकच, टिकांमुळं ती हललेली दिसते.

कळणाभाकर

मोजल्या. ४७ च आहेत. पण मग एरर का नाही आली? डिस्प्ले-एरर्स चालू करून बघितलं होतं.

बोरीकाठची

ती वॉर्निंग तुमची स्क्रिप्ट सुरू व्हायच्या आधीच पडते. स्क्रिप्टमध्ये आयएनआय-सेटनं (कोडमधून सेटिंग बदलणाऱ्या फंक्शननं) काहीही चालू करा, तोवर उशीर झालेला असतो. स्वतःचा एरर हँडलर लावलेला असला तरी त्याच्या हाती लागत नाही. होस्टिंगच्या एरर लॉगमध्ये 'इनपुट व्हेरिएबल्स एक्सीडेड १०००' शोधा. फाइलच्या नावाच्या जागी 'अननोन' आणि ओळ क्रमांक शून्य असतो, म्हणून आपल्या फाइलचं नाव टाकून शोधणाऱ्याला ती सापडत नाही.

ही मर्यादा उगीच आलेली नाही. २०११ च्या डिसेंबरात हॅश टक्करींचा हल्ला जाहीर झाला: मुद्दाम निवडलेल्या नावांची हजारो फील्डं पाठवायची आणि ॲरे बांधण्यातच सर्व्हरचा प्रोसेसर गुंतवून ठेवायचा. २०१२ च्या जानेवारीतल्या ५.३.९ मध्ये पीएचपीनं ही मर्यादा घातली. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्येही डीफॉल्ट १००० च आहे, पण तिथं सरळ ४०० चा नकार मिळतो. नोडच्या एक्सप्रेसमध्ये यूआरएल-एन्कोडेड पार्सरलाही १००० च, शिवाय बॉडीला १०० केबीची मर्यादा. तेही नकार देतात. गुपचूप कापून उरलेलं तुमच्या हातात ठेवणं ही पीएचपीची खोड, आणि माझ्या मते ती नकारापेक्षा वाईट. अर्धवट नोंद पूर्ण समजून साठवली जाते.

वाढवायचं असेल तर ठिकाण नीट निवडा. आयएनआय-सेटनं ही किंमत बदलत नाही. पीएचपी जर एफपीएमवर (म्हणजे अपाचेच्या बाहेर वेगळी) चालत असेल तर एचटीॲक्सेसमध्ये (अपाचेच्या फोल्डरपुरत्या सेटिंग फाइलमध्ये) पीएचपी-व्हॅल्यू लिहिल्यावर सरळ ५०० एरर येते. तिथं फोल्डरमध्ये डॉट-यूजर-डॉट-आयएनआय नावाची फाइल ठेवायची. ती फाइल पीएचपी डीफॉल्टनं ३०० सेकंद कॅशमध्ये धरून ठेवतं, म्हणून बदल केल्यावर पाच मिनिटं कळ काढा आणि मगच 'लागू होत नाही' म्हणा. पीएचपी-इन्फोच्या पानावर लोकल व्हॅल्यू तपासा, आणि ते पान लगेच उडवा.

किती ठेवायची? १७१ गुणिले ७ अधिक ८ म्हणजे १२०५. सगळ्यात मोठं गाव ४०० ओळींचं धरलं तर २८०८. ३००० ठेवा. लाखभर ठेवलीत तर मर्यादा असून नसल्यासारखी.

आणि फॉर्मच्या अगदी शेवटी, सबमिट बटणाच्या वर, 'शेवट' नावाचं एक लपवलेलं फील्ड टाका, किंमत १. सर्व्हरवर ते आलं नाही तर नोंद साठवायचीच नाही. मर्यादा कितीही वाढवली तरी ही राखण हवी, उद्या कुणी ५०० ओळींचं गाव घेऊन येणारच.

पांझराकाठ

ताईंशी एका बाबतीत असहमत. मर्यादा वाढवणं ही मलमपट्टी. होस्टिंगवाल्यानं पीएचपीची आवृत्ती बदलली, साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली, की ती फाइल मागं राहते आणि पुन्हा हजारावर कापणं सुरू. एका पानावर ५० ओळी ठेवा: ५० गुणिले ७ अधिक ८ अधिक 'शेवट', ३५९. गावात नेट गेलं तर ५० ओळींचंच नुकसान, १७१ चं नाही.

बोरीकाठची

पानं पाडली की नोंदणारा तिसरं पान विसरतो आणि गाव अर्धं राहतं. त्याचा हिशोब ठेवायला वेगळा कोड लागेल. एकाच पानावर ठेवायचं असेल आणि मर्यादेची कटकटही नको असेल, तर सबमिटच्या वेळी जावास्क्रिप्टनं ओळी गोळा करून जेसन स्ट्रिंग (सगळा डेटा एका मजकुरात बांधलेला) एका लपवलेल्या फील्डात घाला. सगळ्या ओळी मिळून एकच व्हेरिएबल. ओळीतल्या मूळ फील्डांचं नेम ॲट्रिब्यूट काढून टाका, म्हणजे ती वेगळी जाणार नाहीत. सर्व्हरवर जेसन-डीकोड केल्यावर ॲरेच मिळाला का हे तपासा.

जावास्क्रिप्टच्या फेचनं कंटेंट-टाइप ॲप्लिकेशन-जेसन लावून पाठवणार असाल तर पोस्ट ॲरे पूर्ण रिकामा दिसेल. पीएचपी जेसन स्वतःहून उलगडत नाही, ते पीएचपी-इनपुटमधून वाचावं लागतं. 'नेटवर्कमध्ये डेटा दिसतो, पण पोस्ट रिकामा' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथंच असतं.

गिरणाथडी

आता ठिबकचं बघू, कारण मर्यादा वाढवून ते सुटणार नाही.

पाच ओळी आहेत, टिक दुसऱ्या आणि पाचव्या ओळीला. ब्राउझर पाच गट पाठवतो, पाच नावं पाठवतो, पण ठिबक दोनच. रिकाम्या कंसामुळं पीएचपी त्यांना येतील तसे ० आणि १ क्रमांक देतं. तुमचा कोड क्रमांक जुळवतो, म्हणून टिक पहिल्या आणि दुसऱ्या शेतकऱ्याच्या नावावर चढते. टिका वर गोळा होतात त्या यामुळं.

उपाय: ओळीचा क्रमांक नावातच घाला. शेत[०][गट], शेत[०][ठिबक], शेत[१][गट] असं, क्रमांक मात्र इंग्रजी आकड्यांत. मग सर्व्हरवर इस-सेटनं (किंमत आली आहे का ते सांगणारं फंक्शन) विचारायचं, शेत[४] मध्ये ठिबक आहे का. आहे तर १, नाही तर ०.

चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचं, ० किंमतीचं लपवलेलं फील्ड ठेवायची एक युक्ती सर्रास सांगितली जाते. एकाच नावाची दोन फील्डं आली की पीएचपी शेवटचं धरतं, त्यामुळं ती चालते. पण टिक केलेल्या ओळीला आता ८ व्हेरिएबलं जातात. पहिल्या गावाच्या १४१ ऐवजी १२४ च ओळी हजारात बसतील. या फॉर्मला ती लावू नका, इस-सेट पुरतं.

आणखी एक खड्डा. 'ओळ वाढवा' बटण नव्या ओळीचा क्रमांक कसा काढतं? सध्याच्या ओळी मोजून काढत असेल तर घोळ आहे. ० ते ४ अशा पाच ओळी, मधली १ नंबरची काढली, उरल्या चार, म्हणून नव्या ओळीला क्रमांक ४. पण ४ आधीच आहे. दोन शेतकरी एकाच क्रमांकावर, नंतरचा आधीच्याला पुसतो. त्यातही जुन्याला टिक होती आणि नव्याला नाही, तर टिक पुसली जात नाही, कारण नव्यानं ते फील्ड पाठवलेलंच नाही. नव्याच्या नावावर जुन्याचं ठिबक. क्रमांकाचा काउंटर वेगळा ठेवा, तो कधीही मागं येऊ देऊ नका. मध्ये क्रमांक सुटले तरी चालतात, फक्त सर्व्हरवर फॉर-लूपऐवजी फॉर-ईच वापरा.

कळणाभाकर

ओळी मोजूनच क्रमांक द्यायचा विचार होता, तो सोडला. तारखा आणि आकडे? तारखेचं फील्ड साधं टेक्स्ट आहे, कोडमध्ये एसटीआर-टू-टाइम.

गिरणाथडी

तिथंच घात आहे. एसटीआर-टू-टाइम मधल्या चिन्हावरून ठरवतं. तिरकी रेघ असली की अमेरिकी पद्धत, महिना आधी. आडवी रेघ किंवा टिंब असलं आणि वर्ष चार आकडी असलं की दिवस आधी. म्हणून ०५/०६/२०२४ म्हणजे ६ मे, आणि ०५-०६-२०२४ म्हणजे ५ जून. २५/०६/२०२४ मध्ये पंचविसावा महिना नसतो, म्हणून फॉल्स मिळतं, ते डेट फंक्शनला दिलं की शून्य धरून १९७० चा १ जानेवारी. आडवी रेघ आणि वर्ष दोन आकडी, ०५-०६-२४, तर वर्ष आधी धरलं जातं: २४ जून २००५.

थोडक्यात, तुमच्याकडं १९७० दिसतंय ते सोपं, ते निदान डोळ्यात खुपतं. बारा तारखेपर्यंतच्या उलटलेल्या तारखा खऱ्यासारख्या दिसतात.

फील्ड टाइप डेट करा. पडद्यावर काहीही दिसो, सर्व्हरला वर्ष-महिना-दिवस असंच येतं. टेक्स्टच ठेवायचं तर डेटटाइमचं क्रिएट-फ्रॉम-फॉर्मॅट वापरा, फॉर्मॅट उघड द्या. पण ते ३१ फेब्रुवारी मुकाट्यानं मार्चात ढकलतं. म्हणून निघालेली तारीख पुन्हा त्याच फॉर्मॅटमध्ये छापून मूळ मजकुराशी जुळते का बघा.

आकडे. कुणी खोडं ४,४०० अशी स्वल्पविराम देऊन लिहितं. इंटमध्ये कास्ट केलं (मजकुराचा पूर्णांक केला) की पीएचपी पहिल्या न-आकड्याशी थांबतं, उरतं ४. क्षेत्र ०.८० देवनागरी आकड्यांत लिहिलं की पहिलंच अक्षर त्याला आकडा वाटत नाही, उत्तर शून्य. सक्तीचं कास्ट केलं की पीएचपी चकार शब्द काढत नाही.

आता गंमत. व्हॅलिडेशनमध्ये तुम्ही रेजेक्सला (मजकुराचा नमुना तपासणारं सूत्र) 'डी'चं आकड्यांचं चिन्ह आणि शेवटी 'यू' मॉडिफायर लावला असेल, मराठी मजकुरासाठी लावतातच, तर देवनागरी आकडे त्यातून पास होतात. 'यू'मुळं 'डी'ला युनिकोडचे सगळे आकडे चालतात. व्हॅलिडेशन हो म्हणतं आणि पुढच्या ओळीत कास्ट शून्य करतं. तुम्हाला तीनदा तपासूनही सापडलं नाही ते यामुळंच असणार. पायथनला मात्र इंट फंक्शनमध्ये देवनागरी आकडे चालतात, म्हणून तिकडून आलेले लोक इथं हमखास फसतात.

क्रम असा ठेवा: आधी एसटीआर-टीआरनं दहा देवनागरी आकडे इंग्रजीत बदला, मग स्वल्पविराम आणि जागा काढा, मग शून्य ते नऊ असा उघड पट्टा दिलेलं रेजेक्स, शेवटी कास्ट. रिकामं आहे का हे 'एम्प्टी'नं विचारू नका, त्याला "०" सुद्धा रिकामंच वाटतं.

पांझराकाठ

टाइप नंबर केलं की सुटेल असं वाटेल. खोडांना चालेल. गट नंबरला अजिबात नको. सातबाऱ्यावर २१२/१/ब असं असतं, नंबर फील्डला ते अवैध, आणि ब्राउझर एकतर फॉर्म अडवतो, नाहीतर किंमत रिकामी करून पाठवतो. मोबाइल नंबरलाही नको. दोन्हीकडं टाइप टेक्स्ट ठेवा, मोबाइलला इनपुटमोड न्यूमेरिक द्या, आकड्यांचा कीबोर्ड येतो.

बोरीकाठची

केऱ्हाळेचं माझ्याकडं.

या नावातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, युनिकोडमधला वेगळा ऱ आणि हलंत. दुसरा, साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही एकसारखे, बाइट वेगळे. पीएचपी तुलना बाइटवर करतं, म्हणून दोन गावं. शिवाय ऱ स्वतःही र आणि नुक्ता अशा जोडीनं येऊ शकतो. ती जोडी पीएचपीच्या नॉर्मलायझरमधल्या एनएफसीनं (युनिकोडची रूपं एकसारखी करायची पद्धत) एक होते, जॉइनरवाला प्रकार होत नाही. तो स्वतः बदलावा लागतो: र, हलंत, जॉइनर हे तिन्ही दिसले की ऱ आणि हलंत. 'ॲ'चंही तसंच, एक सलग अक्षर आणि एक अ वर अर्धचंद्र देऊन केलेलं. एनएफसी त्यांनाही जोडत नाही.

खात्री करायची तर दोन्ही नावं बिन-टू-हेक्समधून छापा. देवनागरीचं दर चिन्ह ३ बाइटचं. भुसावळ म्हणजे ६ चिन्हं, एसटीआर-लेन १८ सांगेल, एमबी-एसटीआर-लेन ६. तुमचं भुसावळ २१ आलं तर कुठंतरी एक न दिसणारं चिन्ह चिकटलंय. ट्रिम ते काढत नाही. ट्रिमला फक्त साध्या जागा, टॅब, नवी ओळ वगैरे कळतं.

पण गावाचं नाव टाइप करू का देता? ड्रॉपडाउन द्या आणि व्हॅल्यूमध्ये गावाचा कोड. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावांचे कोड आहेत, तेच वापरा. बुद्रुक-खुर्दचा घोळही मिटतो.

व्हॅल्यू द्यायला विसरू नका. ऑप्शनला व्हॅल्यू नसली की ब्राउझर दिसणारा मजकूर पाठवतो. कुणी क्रोममध्ये पानाचं भाषांतर चालू ठेवलं असेल तर दिसणारा मजकूर म्हणजे भाषांतर. बागेच्या प्रकारात मृगबाग, कांदेबाग, पिलबाग (तिन्ही केळीच्याच) यांऐवजी काय काय येईल याची कल्पनाच करा. कांदेबागेत खरोखरच कांदा उगवेल.

सातपुडा_पायथा

याच धाग्यात विचारतो. चोपड्याकडचा असाच फॉर्म आहे, त्याला बागेचे फोटो जोडायची सोय आहे. फोटो नसला की नोंद नीट जाते. दोन-तीन फोटो जोडले की 'टोकन अवैध' असा संदेश. सेशनची मुदत वाढवून पाहिली, फरक नाही.

पांझराकाठ

सेशनचा संबंध नाही. 'पोस्ट मॅक्स साइझ' डीफॉल्ट ८ एमबी. हल्लीच्या फोनचा एकेक फोटो ३-४ एमबीचा, तीन झाले की मर्यादा ओलांडली. अशा वेळी पीएचपी पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही ॲरे पूर्ण रिकामे देतं. टोकनही त्यातच होतं, म्हणून पहिली तक्रार टोकनची. लॉगमध्ये ८३८८६०८ हा आकडा शोधा, ८ एमबीचे तेवढे बाइट.

स्क्रिप्टमध्ये टोकनच्या आधी एक तपासणी घाला: मेथड पोस्ट, कंटेंट-लेंग्थ शून्यापेक्षा जास्त आणि पोस्ट रिकामा, तर 'फोटो मोठे आहेत' असं सांगा.

एकेका फाइलला वेगळी मर्यादा असते, 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ', डीफॉल्ट २ एमबी. ती ओलांडली तर बाकी फील्डं येतात, त्या फाइलचा एरर कोड मात्र १ असतो. ४ म्हणजे फाइल निवडलीच नाही, ३ म्हणजे अर्धवट पोचली. पुढं एनजिनएक्स (पीएचपीच्या पुढे बसणारा वेब सर्व्हर) असेल तर त्याची स्वतःची मर्यादा डीफॉल्ट १ एमबी, तिथं ४१३ येतो आणि पीएचपीपर्यंत काही पोचतच नाही. सगळ्यात सोपं म्हणजे ब्राउझरमध्येच फोटो लहान करून पाठवणं, गावाकडच्या नेटला १२ एमबी चढवायला लावू नये.

फाइल्स ॲरे छोट्या फोटोलाही रिकामाच असेल तर फॉर्मचा एनसी-टाइप मल्टिपार्ट आहे का बघा. नसेल तर नुसतं फाइलचं नाव जातं.

सातपुडा_पायथा

लॉगमध्ये सापडला ८३८८६०८. आणखी एक: कधी कधी पूर्ण फॉर्म कोरा येतो, फोटो नसतानाही. मेथड गेट दिसते.

बोरीकाठची

रीडायरेक्ट. फॉर्मच्या ॲक्शनमध्ये पत्ता एचटीटीपीचा आहे आणि सर्व्हर एचटीटीपीएसवर ढकलतोय, किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नाही, किंवा शेवटची तिरकी रेघ नाही. ३०१ किंवा ३०२ मिळालं की ब्राउझर पोस्टचं गेट करतो आणि बॉडी टाकून देतो. ३०७ आणि ३०८ मध्ये तसं होत नाही. ॲक्शनमध्ये शेवटचा, बरोबर पत्ताच लिहा. 'प्रिझर्व्ह लॉग' चालू ठेवलं तर दोन्ही विनंत्या एकाखाली एक दिसतील.

नोंद दोनदा पडत असेल आणि म्हणून क्लिकवर बटण डिसेबल करत असाल, तर लक्षात ठेवा: डिसेबल केलेलं फील्ड जात नाही. बटणाच्या नावावर सर्व्हरचा कोड अवलंबून असेल तर तो काहीच करणार नाही. दुहेरी नोंद टोकनवर युनिक इंडेक्स लावून डेटाबेसमध्ये अडवा.

कळणाभाकर

नावांत क्रमांक घातले, 'शेवट' फील्ड आहे, मर्यादा ३०००, गाव ड्रॉपडाउनमध्ये, तारीख टाइप डेट. १७१ ओळींचं गाव पूर्ण आलं, टिका जागेवर. आता जुन्या नोंदींचं काय? त्या कागदावरून पुन्हा भरायच्या म्हणजे हंगाम निघून जाईल.

गिरणाथडी

सगळं पुन्हा भरायला नको. वेगळं करा.

तुटलेल्या ओळी डेटाबेसमध्ये नाहीतच, त्या कागदावरूनच. पण पहिल्या १४१ पर्यंतचा भाग कुठल्याही गावाचा तुटलेला नाही, त्याच्या पुढचंच बघा.

ठिबक: टिकांची संख्या ओळींइतकीच किंवा शून्य असेल तर गाव बरोबर. मिश्र गावांत कुठली टिक कुणाची हे परत काढता येत नाही, तो एक कॉलम पुन्हा विचारावा लागेल.

तारखा: १९७० वाल्या गेल्या. वर्ष दोन आकडी लिहिल्यानं २००५ सारख्या झालेल्या परत मिळतात: साठलेल्या वर्षाचे शेवटचे दोन आकडे म्हणजे खरा दिवस, साठलेला दिवस म्हणजे खरं वर्ष. उलटलेल्यांसाठी बागेचा प्रकार वापरा. मृगबागेची लागवड जून-जुलै, कांदेबागेची सप्टेंबर-ऑक्टोबर. कांदेबाग आणि तारीख १० फेब्रुवारी दिसली तर ती २ ऑक्टोबर, उलटवून घ्या. दिवस आणि महिना बदलून हंगामात बसते का एवढंच क्वेरीत विचारायचं. न बदलताच बसत असेल तर हात लावू नका, फक्त चार तारखा सोडून: मृगबागेत ६ जुलै आणि ७ जून, कांदेबागेत ९ ऑक्टोबर आणि १० सप्टेंबर. या दोन्ही बाजूंनी हंगामात बसतात, म्हणून त्यांची वेगळी यादी काढून फोनवर विचारा.

पिलबागेला (जुन्या खोडाच्या पिलावर वाढवलेल्या बागेला) हा नियम लावू नका. तिथं लागवडीची तारीख म्हणून कुणी मूळ बागेची लिहिली असेल, कुणी पिल ठेवल्याची.

कळणाभाकर

पिलबाग वगळून क्वेरी चालवली, फोनची यादी ११ जणांची निघाली. उद्या सकाळी कटाईवर जायच्या आत गाठतो त्यांना.